काय मागितलं त्यांनी?

सत्यशीलाने माहितीच्या अधिकारात थेट दिल्लीला अर्ज टाकला, तेव्हा धनराजला वाटलं, बायकोचं हे खूळ चार दिवसांत उतरेल.

सिंदेवाहीकडचं त्यांचं गाव धानाचं. घरचं बियाणं राखायचं, शेजाऱ्याला द्यायचं, त्याचं आपण आणायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला कोणी हक्क वगैरे म्हणत नसे. पण एक दिवस पेपरात बातमी आली. परदेशाशी व्यापार कराराची बोलणी चालू होती आणि बियाणे कंपन्यांच्या संघटनेचा अध्यक्ष सांगत होता की, आमच्या मागण्या दिल्लीतल्या मंत्रालयाने मन लावून ऐकून घेतल्या.

"काय मागितलं असंल यायनं?" सत्यशीला म्हणाली.

"मले काय माहीत? थे मोठे लोक."

"माहीत नाई, तं इचारू ना मंग."

ती बी.ए. झालेली, गावच्या बचत गटाची अध्यक्ष. अर्ज तिने स्वतःच हिंदीत लिहिला. कोणत्या कंपन्या मंत्रालयाला भेटल्या, कधी भेटल्या, लेखी काय दिलं, एवढंच विचारलं. उत्तर आलं, ही माहिती दिल्यास देशाच्या आर्थिक हिताला बाधा येईल. धनराज दचकला.

"देशाच्या आड आपण कायले जावं?"

"आड कुठी जाऊन राह्यलो? देशातलेच हाओत ना आपण?"

तिने अपील केलं. तेही फेटाळलं गेलं. मग ती दिल्लीच्या माहिती आयोगाकडे गेली. वर्ष उलटलं. गावात तिला 'दिल्लीवाली' म्हणू लागले, तीही हसून ओ देई. शेवटी सुनावणीची तारीख लागली ती नेमकी रोवण्याच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांत. चंद्रपूरला कलेक्टर ऑफिसात जायचं आणि पडद्यावरून दिल्लीशी बोलायचं.

"बाया सांगून ठेवल्या हायेत. तू नसशील तं रोवणा कसा होईल?" धनराज वैतागला.

शेजारच्या गुणाबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या. "मी पाहून घेतो बायांकडं," त्या म्हणाल्या. "आन धनराज, तूही जा संग. एकटीले कायले धाडतं?"

म्हणून तो गेला. वरच्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत भिंतीवर पडदा होता. पडद्यात दिल्लीचे आयुक्त आणि त्यांच्यासमोर मंत्रालयाचा अधिकारी. अधिकारी शांतपणे बोलला. बोलणी अजून चालू आहेत, आपली बाजू आधीच उघड झाली तर समोरच्या देशाचा फायदा होईल. धनराजला ते पटलंच. आता संपलं, असं त्याला वाटलं.

"साहेबांचं म्हणणं बरोबर आहे," सत्यशीलाने हिंदीतून सुरुवात केली, आणि धनराज तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. "सरकार समोरच्या देशाला काय सांगणार, ते मला नकोच. कंपन्यांनी सरकारला काय सांगितलं, तेवढं द्या. ते कंपन्यांना माहीत आहे, सरकारला माहीत आहे. त्यांतल्या काही कंपन्या परदेशीच आहेत, म्हणजे तिकडेही माहीत असणार. मग हे लपवायचं कोणापासून? बियाणं राखणाऱ्यांपासून?"

बचत गटातलं भांडण मिटवताना लागायचा, तोच तिचा आवाज. ना चढलेला, ना पडलेला.

आयुक्तांनी विचारलं, "संघटनेच्या पत्रांवर गोपनीय असा शेरा आहे?"

अधिकाऱ्याने कागद चाळले. "नाही, सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आदेश झाला. सरकारची स्वतःची भूमिका झाकलेली राहील, पण भेटींच्या तारखा, हजर असलेल्यांची नावं आणि कंपन्यांची पत्रं द्यावी लागतील.

खाली येऊन सत्यशीला पायरीवर बसली आणि घटाघटा पाणी प्यायली.

"भेली होती का?" धनराजने विचारलं.

"मंग! पाय लटलट कापत होते. टेबलाखाली कोणाले दिसते?"

धनराज पोट धरून हसला. बसमध्ये तिला खिडकीची जागा देऊन तो बाजूला बसला आणि मूल गावाचा थांबा येईपर्यंत शेजारच्या अनोळखी माणसाला सगळी सुनावणी सांगत राहिला.

कागद आले. काही ओळींवर काळं फासलेलं होतं, पण मागणी स्पष्ट होती. कंपनीच्या नोंदणीकृत वाणाचं बियाणं शेतकऱ्याने दुसऱ्याला देणं बंद व्हावं आणि करारात तसं कलम यावं. भेटणाऱ्यांमध्ये शेतकरी एकही नव्हता.

"मंग मी तुले देल्लं थे बियाणं चोरीचं होये का?" गुणाबाईंनी घाबरून विचारलं.

"नाई, बाई. हे त्यायचं मागणं आहे, कायदा नाई झाला अजून. आन मागणं तं आपणही मांडू शकतो."

तिने ग्रामसभेत ती पत्रं मराठीत वाचून दाखवली. ठराव झाला, बियाणं देण्याघेण्याची आमची रीत अबाधित ठेवा आणि कंपन्यांना दिलीत तशी आम्हालाही भेटीची वेळ द्या. पार गडचिरोलीकडच्या गावांनी तिच्याकडून अर्जाचा नमुना नेला. तिथूनही ठराव गेले. अखेर मंत्रालयाने नागपूरला शेतकऱ्यांची बैठक बोलावली. सत्यशीला तिथे बोलली आणि बैठकीच्या इतिवृत्तात तिचं म्हणणं नोंदवलं गेलं.

कराराची बोलणी अजून चालूच आहेत. त्यात काय ठरेल, ते कोणी सांगू शकत नाही. पण आता कोणी अर्ज लिहायचा म्हणून दारात आलं, की धनराज स्वतः खाट टाकतो, चहाचं आधण ठेवतो आणि आत हाक मारतो, "ये वो, लोकं आले!"