उताराला लावलेली गाडी

महादेवकाकांचं नाव आधी लिहितो, कारण त्यांच्यामुळे मी शिकलो. पण नाव लिहिलं की डोळ्यांपुढे चेहरा येत नाही. येतो तो एक पिवळसर उजेड, एसटीच्या छतातल्या वाटोळ्या दिव्याचा. त्याच्या काचेत कधीतरी शिरून मेलेले किडे तसेच राहिले होते आणि त्यांच्या सावल्या माझ्या भूमितीच्या वहीवर नको तिथे बिंदू काढत. त्या उजेडामागून डिझेलचा, दिवसभर तापलेल्या रेक्झिनचा आणि भाकरीबरोबर फोडलेल्या कांद्याचा वास येतो. चेहरा सगळ्यांत शेवटी: रुंद कपाळ, कानांवरचे पांढरे केस, आणि समोरच्याचं बोलणं संपलं तरी अजून काही ऐकू येईल म्हणून थांबल्यासारखी जराशी कललेली मान.

आमच्या गावाला मुक्कामी येणाऱ्या गाडीचे ते ड्रायव्हर. दिवेलागणीला धुळीचा एक लांबलचक पदर मागे सोडत गाडी यायची, रात्रभर गावात राहायची आणि पहाटे साडेपाचला तालुक्याला निघायची. आमच्या घरात वीज नव्हती. आठवीत असताना एका संध्याकाळी मी गाडीच्या पायरीवर बसून आतून झिरपणाऱ्या उजेडात वाचत होतो, तेव्हा त्यांनी काही न विचारता दार उघडलं आणि हातानेच आत बसायची खूण केली. मॅट्रिक होईपर्यंत तो दिवा मग माझाच झाला. मी पुढच्या बाकावर, ते सगळ्यांत मागच्या. खाकी सदऱ्याची घडी उशाला, उजेड नको म्हणून तोंडावर टोपी. त्यांनी मला कधी मार्क विचारले नाहीत, कधी शाबासकी दिली नाही. उन्हाळ्यात खिडक्या सगळ्या खाली आणि थंडीत सगळ्या वर, एवढंच त्यांचं बोलणं.

कंडक्टर मात्र बोलका. "काका, बॅटरी सरकारची, पोरगं दुसऱ्याचं, आन् सकाळी धक्का मारायला पाठ तेवढी माझी!"

"तुझी पाठ ऱ्हाऊ दे शाबूत. उताराला लावलीय," टोपीखालून आवाज येई.

मी हसत असे. मला वाटे, ही त्या दोघांची रोजची थट्टा.

काकांच्या रजेत बदली येणारे ड्रायव्हर गाडी चावडीपुढच्या सपाट जागेत लावत. काका ती गावाबाहेर, ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तोंड खाली करून लावत आणि भाकरी आणायला तेवढं गावात चालत येत. पहाटे कंडक्टर चाकाखालचा दगड ओढून काढी. गाडी आधी आवाज न करता हलकेच निसटे, काका क्लच सोडत, आणि इंजिन एकदा खोकून जागं होई. पंख न हालवता कड्यावरून उतरणाऱ्या घारीसारखा डौल मला त्या घरंगळण्यात दिसे. मोठेपणी गाडी मिळाली तर आपणही अशीच लावायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या एका तळ्याकाठी, मी ती तशीच लावली.

गाडी माझी नव्हती. सांता क्लाराच्या, ओळखीच्या देशपांडेकाकांनी त्यांची जुनी आर.व्ही. आम्हाला तीन दिवसांसाठी दिली होती. चाकांवरचं घरच ते: शेगडी, पलंग, पडदे, छताला दिवा. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं तेव्हा मला ती मुक्कामी गाडीच वाटली. देशपांडेकाका डॅशबोर्डखाली वाकून सांगत होते, "इंजिन बंद केलंस की हा स्विच असा फिरव. नाहीतर घरातले दिवे इंजिनची बॅटरी पिऊन टाकतील. विसरू नकोस यार, तिथे ना फोन, ना मेकॅनिक." मी शाळेत हलवायचो तशी मनापासून मान हलवली, आणि विसरलो.

तळ्याकाठचं स्टेट पार्क जवळजवळ रिकामं होतं. पाइनच्या झाडांखाली गाड्यांसाठी आखून दिलेल्या सपाट जागा एकामागून एक सोडून मी शेवटची, उतरणीची जागा निवडली. तिथून रस्ता सरळ होड्या पाण्यात सोडायच्या धक्क्यापर्यंत जात होता. पुढच्या चाकाखाली मी दगड ठेवला आणि स्वतःवर खूश झालो.

"अहो, सगळं पार्क मोकळं पडलंय आणि तुम्हाला हीच जागा सापडली?" शैला, माझी बायको, आतून म्हणाली. "वरण ताटाबाहेर चाललंय इथे!"

"अशीच लावतात," मी म्हणालो.

सूर्य डोंगराआड गेल्यावर तळ्याने आपला रंग हळूहळू आत ओढून घेतला, जसं एखादं माणूस बोलता बोलता गप्प होतं. मनूचा, आमच्या दोन वर्षांच्या मुलीचा, खोकला त्याच सुमारास सुरू झाला. तिचं अंग गरम लागायला लागलं. दिवा आणि गरम हवेचा पंखा आम्ही मग बंद केलाच नाही.

सकाळी ताप एकशे तीन होता. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता, आणि दर श्वासाला बारीक शिट्टी वाजे. बाहेर धुकं पाण्यावर बोटभर उंचीने तरंगत होतं; तळं इतकं निश्चल, की ती शिट्टी पलीकडच्या काठाला आपटून परत येते आहे असा मला भास झाला. फाटकाजवळच्या रेंजरच्या खोलीला कुलूप होतं. गर्दीचा मोसम संपला होता. गाव तीस मैलांवर.

मी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. तेवढाही आवाज नाही. मग नजर खाली गेली, आणि तो स्विच दिसला.

"दोघी खाली उतरा," मी म्हणालो. "घाबरू नकोस. मला येतं हे."

"काय येतं तुम्हाला?" शालीत गुंडाळलेल्या मनूला छातीशी धरून शैलाने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी दगड काढला, पळत जाऊन सीटवर बसलो आणि गिअरचा दांडा न्यूट्रलला आणला.

गाडी निसटली. तोच तो निःशब्द, रेशमासारखा सरकता क्षण. लाज वाटते सांगायला, पण त्या काळजीतही मला पळभर आनंद झाला. मी दांडा ड्राइव्हवर ओढला आणि खोकल्याची वाट पाहिली. इंजिन गप्पच. स्टिअरिंग वळवायला गेलो तर ते कुणी पलीकडून धरून ठेवल्यासारखं जड. ब्रेकवर पाय दिला तर तो दगडासारखा. समोरच्या काचेत तळं मोठं मोठं होत गेलं.

"अहो, ब्रेक! ब्रेक दाबा!"

मी सीटवरून उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो. पुढची चाकं धक्क्याच्या ओल्या सिमेंटवर पोचली तेव्हा गाडी थांबली.

काठाशी होडी बांधत असलेला एक म्हातारा जवळ आला. त्याने आधी मनूकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. "ऑटोमॅटिक आहे ही, पोरा, क्लचच नाही हिला," तो शांतपणे म्हणाला. "हिला चीनपर्यंत घरंगळत नेलीस तरी चालू व्हायची नाही." आपला ट्रक आणून त्याने त्याच्या बॅटरीवरून आमच्या बॅटरीला तारा जोडल्या, आणि दहा मिनिटांत इंजिन घुरघुरू लागलं.

दुपारी गावातल्या दवाखान्यात मनूचा श्वास मोकळा झाला आणि तिने दूध मागितलं. शैला तिच्यापाशी बसली होती. मी बाहेर बाकावर येऊन बसलो. तेव्हा कुठे मला कळलं. गावात दुसऱ्या कुणाच्याच गाडीला उतार लागत नव्हता. महादेवकाकांनाच लागत होता, कारण त्यांच्याच गाडीचा दिवा माझ्यासाठी जळून बॅटरी उतरत असे. जो मला डौल वाटला, ती त्यांची काळजी होती. बाजारला निघालेली, कोर्टाची तारीख असलेली, पोटातलं मूल सांभाळत दवाखान्यात निघालेली माणसं मागे बसवून, दगड काढल्यापासून इंजिन खोकेपर्यंतचं ते अंतर ते रोज पहाटे एकटे पार करत होते. आणि मी वही बगलेत धरून कडेला उभा राहून कौतुकाने पाहत होतो.

त्याच आठवड्यात सनीव्हेलच्या घरून मी पत्र पाठवलं. त्यांच्या घरचा पत्ता मला माहीत नव्हता. कधी विचारलाच नव्हता. म्हणून पाकिटावर तालुक्याच्या एसटी डेपोचा पत्ता घातला.

"ती. महादेवकाका यांस साष्टांग नमस्कार.

मी सदाशिव, तुमच्या गाडीत वाचायला बसणारा. मी इंजिनियर झालो, अमेरिकेत असतो. हे तुम्हाला मी कळवायला हवं होतं, ते इतक्या वर्षांत जमलं नाही. माफ करा.

परवा माझी गाडी चालू झाली नाही. मुलगी आजारी होती. तुमच्यासारखी उतारावरून सोडून पाहिली आणि थोडक्यात वाचलो. मुलगी आता बरी आहे, काळजी करू नये.

एक विचारायचं आहे. एखाद्या पहाटे तुमची गाडी उतारावरूनही चालू झाली नव्हती का? तसं झालं असेल तर डेपोत तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मला सांगा. मी तेव्हा परीक्षेच्या नादात असेन. माझ्या ते ध्यानातही आलं नसेल.

तुम्ही आता रिटायर झाला असाल. हे पत्र कुणी तुमच्यापर्यंत पोचवेल की नाही, कोण जाणे. इथे संध्याकाळी पाचला आमचं ऑफिस सुटतं, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सगळ्यांच्या गाड्या एका किल्लीसरशी चालू होतात. मी माझी किल्ली फिरवण्याआधी थोडा थांबतो. इतक्या वर्षांनी आणि इतक्या लांबून, तेवढाच वेळ मला तुमच्या शेजारी काळजी करत बसता येतं.

आपला,
सदाशिव"