ठोका कुणाच्या मागे?

काय बघताय? मी ठोकळा आहे, साधा लाकडाचा. नाचाच्या क्लासमध्ये ताईंच्या पुढ्यात सतरंजीवर पडलेला असतो. ताई माझ्यावर काठीने ठोके देतात आणि त्या ठोक्यांवर मुलींनी पाय टाकायचे, असं ठरलेलं आहे. ठरलेल्या गोष्टींचं माणसं काय करतात, तेच सांगायला बसलोय.

एका दाराच्या चौकटीतून मी उरलो. सुताराने रंधा मारला, कडा घासल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "मार खायलाच न्यायचाय तर एवढा गुळगुळीत कशाला हवा?" त्याच्याइतका शहाणा माणूस मला पुन्हा फारसा भेटला नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे ताईंचे मास्तर. हडकुळे आणि तिरसट. त्यांचा ठोका कुणासाठी थांबायचा नाही. पोरीचा पाय मागे पडला तर पडला, ठोका पुढे निघून जायचा. "मी तुझी वाट बघणार नाही. तू मला गाठ," एवढंच बोलायचे. ताई तेव्हा लहान होत्या. रडायच्या, नाक पुसायच्या, पुन्हा उभ्या राहायच्या. एक दिवस त्यांनी गाठलं.

पुढे ताईंनी स्वतःचा क्लास काढला तेव्हा मास्तरांनी मला त्यांच्या हवाली केलं. लाँड्रीच्या वरची खोली. खालून इस्त्रीची वाफ यायची. एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीला बाक. तो बाक नसता तर माझा जन्म बरा गेला असता. त्याच्यावर आया बसायच्या.

नाच बघायला त्यातली एकही यायची नाही. आपली पोर पुढच्या रांगेत आहे ना, एवढं बघितलं की फोनमध्ये डोकं. ताई सुरुवातीला मास्तरांसारखंच वाजवायच्या, तेव्हा एकीने सुनावलं, "घरी येऊन रडते हो ती. आम्ही हौस म्हणून पाठवतो, शिक्षा म्हणून नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकेक पोर गळायला लागली.

मग एका गोबऱ्या पोरीचा पाय उशिरा पडला आणि ताईंची काठी हवेत थांबली. जराशीच. पाय पडला, मग काठी पडली. सगळं कसं छान जमलं. बाकावरची आई हसली. मला शिसारी आली. लाकूड असलो म्हणून काय झालं, लाज आम्हालाही असते.

त्यानंतर रोज तेच. पोरगी रेंगाळली की काठी रेंगाळायची, पोरगी धावली की काठीही धावायची. क्लास भरला. कपाटात ढाली आल्या. ताईंचे गुडघे गेले, त्या बसूनच शिकवू लागल्या. लोक म्हणायचे, "ताईंच्या मुली तालाला किती पक्क्या!" ते ऐकून ऐकून मला भेग पडली.

त्यातच दातांच्या डॉक्टरीणबाईंची मुलगी मोठी झाली. गुणी पोर. ताप असला तरी यायची, घामाने लादी ओली करायची. आपण तालात आहोत असं तिला बिचारीला खरंच वाटायचं. डॉक्टरीणबाईंनी तिचा रंगप्रवेश ठरवला. म्हणजे भरल्या सभागृहात तिने एकटीने सगळा कार्यक्रम करायचा, शेजारी खरा मृदंग. पत्रिका छापल्या, त्यावर पोरीपेक्षा आईचं नाव मोठं. ताई "हो" म्हणाल्या. नाही कशा म्हणणार? बाक बघत होता.

तालमीला मृदंगवाले काका आले. थोडं वाजवलं आणि हात थांबवून बसले.

"ताई, मी कुणाच्या मागे जायचं?"

"ठोक्याच्या. आणखी कुणाच्या?"

"ठोका चाललाय पोरीच्या पायामागे आणि पोरगी ठोक्यामागे. दोघी एकमेकींचा पदर धरून गोल फिरताय, मी मध्ये कुठे घुसू?"

"काय म्हणतायत ते?" बाकावरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, मृदंग जरा उतरलाय," ताई म्हणाल्या.

पण मुलीने ऐकलं होतं. "ताई, माझ्याकडे न बघता वाजवा ना एकदा."

ताई भिंतीकडे तोंड करून बसल्या. डोळेही मिटले. मला वाटलं, आता मास्तरांचा ठोका येणार. पहिली ओळ सरळ गेली. मग पोरीचा पाय रेंगाळला आणि काठीही रेंगाळली. डोळे मिटून काय होतंय, कान उघडेच होते. ताईंनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. सरळ ठोका त्यांच्या हातात उरलाच नव्हता. त्यांना ते तेव्हा कळलं. मला केव्हाचं माहीत होतं, पण ठोकळ्याला विचारतो कोण?

काकांनी काठी घेतली आणि सरळ वाजवलं. पोरगी घसरली, सावरली, पुन्हा घसरली. मग नुसती आपल्या पायांकडे बघत राहिली.

"आज हे काय काढलंत दोघांनी?" डॉक्टरीणबाई उठल्या. "हॉल घेतलाय मी. परगावहून पाहुणे येतायत. तिच्या पायाप्रमाणे वाजवा ना, काय बिघडतं?"

"आई, मी नाही उभी राहणार."

"तू गप्प बस. ताई, तुम्ही सांगा. तयार आहे ना ती?"

ताईंनी बाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि यात तिची काही चूक नाही."

कार्यक्रम रद्द झाला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना कळवलं की मुलीचा पाय मुरगळला, आणि पाहुणे आले की लंगडायचं, असं तिला बजावलं. तालात चालता येईना तर निदान लंगडता यावं, अशी ही आई. बातमी फुटलीच. बाक अर्धा रिकामा झाला.

"आधी पोरीला वाजवायला बसवा, पाय मागाहून," असं काका सांगून गेले. जाताना त्यांनी तिला आपल्याकडे बोलावलं आणि कितीतरी दिवस नुसती काठी धरायला लावली. आता ती माझ्यासमोर बसते. ठोक्यावर पाय टाकायला कुणीतरी हवं, म्हणून गुडघ्यांना पट्टे बांधून ताई उभ्या राहतात.

परवा ताईंचा पाय मागे पडला. काठी वरच होती. मला वाटलं, हीसुद्धा थांबणार. माणसाचीच जात.

काठी वेळेवर पडली. ताईंचा पाय मागे राहिला.

"चुकलात, ताई. पहिल्यापासून."

"अगं, गुडघे दुखत असतील त्यांचे," डॉक्टरीणबाई बाकावरून बोलल्या. "जरा थांबत जा की."

पोरीने मान वर केली नाही. ताईंनी नाक पुसलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

माझी भेग आता या टोकापासून त्या टोकाला पोचलीय. फार दिवस टिकणार नाही. दुभंगलो की खुशाल दाराला अडकण म्हणून लावा. पण तोवर, बाकावरच्या बायांनो, तोंड मिटून बसा. इतक्या वर्षांनी मला सरळ मार मिळतोय, तो खाऊ द्या.