पुढे गाडी उभी आहे

अभिनवने वडिलांच्या जुन्या मारुतीत तो डबा बसवला, तेव्हा पंढरीनाथरावांना समजलं ते इतकंच, की आता गाड्या आपसांत बोलणार. त्याच्या कंपनीने प्रयोगासाठी वीसेक गाड्यांत असे डबे बसवले होते. एक गाडी अडकली की तिचा डबा बिनतारी निरोप मागच्या गाडीला देणार, ती तिच्या मागचीला, आणि शेवटी घोडबंदर रस्त्याची सगळी खबर अभिनवच्या ऑफिसात पोहोचणार. "माणसं बोलेनात आणि गाड्यांना वाचा फुटली!" असं त्यांची बायको वासंती नक्की म्हणाली असती. पण ती गेल्यापासून इंद्रलोक वसाहतीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टोमणे मारायलाही कोणी उरलं नव्हतं. मुलगा पवईला. त्याचा फोन सणासुदीला, तोही घाईत.

एकदा घोडबंदरपाशी मारुतीचं चाक पंक्चर झालं. पंढरीनाथराव जॅक शोधतायत, तोच मोबाइल वाजला.

"बाबा, काय झालं? डबा जॅम दाखवतोय. तुम्ही बरे आहात ना?"

हा प्रश्न मुलाने शेवटचा कधी विचारला होता, ते त्यांना आठवेना. त्या पंक्चरवरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

मग काय, मांजराला दुधाची वाट सापडली. काही काम नसताना ते गाडी काढत, घोडबंदरजवळ कडेला इंजिन चालू ठेवून उभे राहत आणि फोनची वाट बघत. रस्ता मोकळा असला तरी डबा इमानेइतबारे मागच्यांना सांगायचा, पुढे गाडी उभी आहे. फोन यायचा. "अरे, जेवलास का?" एवढं ते विचारून घ्यायचे.

"काका, गाडी फिर से बंद?" टपरीवरची हंसाबेन चहा देताना विचारायची.

"क्या करें, पुरानी हो गयी," ते सांगायचे. खोटं बोलताना माणसाचा चेहरा इतका खुललेला कोणी पाहिला नसेल.

हळूहळू फोन उशिरा यायला लागला. मग येईनासाच झाला. तरी ते जाऊन उभे राहत.

एका बुधवारी मात्र खरोखरच जॅम लागला. पुढे ट्रेलर आडवा झाला होता. डब्यावर लाल दिवा लागला, आणि थोड्या वेळाने हिरवाही. म्हणजे डबा असलेली दुसरी गाडी जवळपास आली होती. डब्याच्या छोट्या पडद्यावर तिचा नंबर उमटला, एक. अभिनवच्या गाडीचा! पंढरीनाथरावांनी लगेच फोन लावला.

"अरे, मी तुझ्या पुढेच आहे!"

"बाबा? म्हणजे हा जॅम तुम्हालाही लागलाय?" अभिनवचा आवाज दबका, पण वैतागलेला होता. "गाडीत बेंगलोरचे पाहुणे आहेत. त्यांना सिस्टिम दाखवतोय, आणि सिस्टिम म्हणतेय, पुढे रस्ता मोकळा!"

"पण माझा डबा सांगत होता की."

"तुमचा डबा आम्ही कधीच हिशेबातून काढलाय, बाबा. सारखा खोटा जॅम दाखवायचा. बिघडलाय तो. मीच म्हटलं, त्याचं ऐकू नका."

बिघडला नव्हता रे, मीच उभा राहायचो. शब्द अगदी ओठांवर आले.

"ठेवतो बाबा, पाहुणे विचारतायत. नंतर करतो."

बऱ्याच वेळाने गाड्या हलल्या. अभिनवची गाडी शेजारून आली. तो ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मागे वळून पाहुण्यांना काहीतरी समजावत होता. पंढरीनाथरावांनी हॉर्न दाबला. तेव्हा सगळेच हॉर्न वाजवत होते.

हिरवा दिवा थोडा वेळ तगला आणि विझला. मारुती मात्र जागची हलली नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ अंकल, गाडी आगे लो ना!" पंढरीनाथराव स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. डबा आपला सांगतच होता, पुढे गाडी उभी आहे.