जाईबाईच्या बरणीतली बुरशी

जाईबाईच्या लोणच्याला उभ्या जन्मात बुरशी लागली नव्हती, आणि विट्याच्या त्या वस्तीत ही गोष्ट कुणी विसरू नये याची ती स्वतःच काळजी घ्यायची. म्हणून सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात आपल्याच बरणीत पांढरे, लोकरीसारखे गोळे तरंगताना पाहून तिला भोवळ यायचीच बाकी राहिली.

बरणी तिची असली तरी आत लोणचं नव्हतं. पलीकडच्या सूत रंगवायच्या कारखान्याचं लालभडक पाणी होतं. तिची लेक आम्रपाली सांगलीला जंतूंचं शास्त्र शिकत होती. जाताना ती बजावून गेली होती, "आये, ह्यात औषध घातलंय. हात लावू नको."

ते पाणी ओढ्याला मिळायचं आणि ओढ्यावर वस्तीची धुणी. मागच्या बुद्धपौर्णिमेला जाईबाईचं पांढरं लुगडं गुलाबी होऊन निघालं. विहारात कुणीतरी विचारलं, "लग्नाला निघालीस व्हय?" सगळी वंदना होईपर्यंत ती खांबाआड बसून रडली होती. या खेपेला लेक कारखान्याचे मालक नानासो यांच्याशी भांडली, औषधाने पाण्याचा रंग घालवून दाखवते म्हणाली, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "रविवारी बगाय येतो. रंग गेला तर तुज्या औषधासाठी हौद बांधतो. न्हाई गेला तर वढ्याचं नाव काडायचं न्हाई."

आणि आता औषधालाच बुरशी! बरणी ओली राहिली असणार. आपल्यापायी पोरीची फजिती होणार! तिने सगळं मागच्या रांजणात ओतलं, बरणी सोड्याने लख्ख घासली आणि हातपंपाचं पाणी काठोकाठ भरून ठेवली. लबाडी होती खरी, पण लेकीसाठी केलेली लबाडी तिला लबाडी वाटत नव्हती.

रविवारी आम्रपाली आणि नानासो एकाच वेळी दारात आले. नितळ पाणी पाहून नानासोंचा चेहरा उतरला. आम्रपालीने मात्र आईचा कोपर धरला.

"आये, गोळे कुटं हायत?"

"कसले?"

"बुरशीचे! रंग तीच खाती. तेच औषध!"

जाईबाईची नजर मागच्या दाराकडे गेली. तेवढ्यात नानासोंनी पाण्यात बोट बुडवून चाटलं.

"जाईबाई, हे तर तुमच्या पंपाचं मचूळ पाणी! सारा तालुका वळखतोय ही चव."

आम्रपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून जाईबाई पुढे झाली. "आवं नानासो, चूक माजी. तुमचा रंग मी रांजणात वतला. चला दावते."

रांजणावरचं झाकण काढलं. आत पाणी नितळ होतं, किंचित पिवळसर, भिजल्या लाकडाच्या वासाचं. वर गोळे तरंगत होते, आता फिकट गुलाबी झालेले.

"हेबी पंपाचंच," नानासो म्हणाले.

"मग चाटा की," जाईबाई म्हणाली. "मगाशी चाटलंच."

नानासोंनी गोळ्यांकडे पाहिलं. बोट पुढे गेलं, थबकलं आणि सदऱ्याच्या खिशात जाऊन बसलं.

जाईबाई घरात गेली आणि ट्रंकेतून येत्या पौर्णिमेचं नवं, घडीसुद्धा न मोडलेलं पांढरं लुगडं घेऊन आली. "आये, नको!" आम्रपाली ओरडेपर्यंत ते रांजणात बुडलं होतं. जाईबाईने ते दोनदा खळबळून घेतलं. तिने लुगडं वर काढलं, पिळलं आणि उन्हात धरलं.

पांढरंच होतं.

नानासोंनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग गोळ्यांत उतरलेली आपल्याच रंगाची गुलाबी छटा पाहिली. घसा खाकरून म्हणाले, "उद्या गवंडी धाडतो."

पौर्णिमेला जाईबाई खांबाआड बसली नाही. त्याच लुगड्यात पहिल्या ओळीत बसली, जरा वास मारत का होईना. त्या वर्षी तिने कुणाला लोणचं दिलं नाही. शेजारणीने कारण विचारलं, तेव्हा साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "कसलं लोणचं बाई! माज्या बरणीत बुरशी हाय!"