साळूबाईंचा निळा उकिरडा

मी निळा ड्रम बोलतोय. पडेगावात एका रो-हाऊसच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम असतो. या, बसा. नाकाला रुमाल लावायची गरज नाही. मध्यंतरी होती, तीच हकीकत सांगायची आहे.

माझं घराणं लोणच्याचं. जुन्या मोंढ्यातल्या एका शेठजींकडे सहा वर्षं कैरीच्या फोडी पोटात घेऊन उभा होतो. शेठजी शिकले बेताचे, शहाणे झाले ते गादीवर बसून. दिवाणजींनी कुरकुर केली, "शेठ, गोडाऊन लहान पडतंय," की ते पान लावता लावता म्हणायचे, "गोडाऊन लहान नाही हो, माल हलत नाही." हे वाक्य मी लोणच्याबरोबर मुरवून ठेवलं.

पुढे शेठजींनी स्टीलच्या टाक्या घेतल्या आणि मी फारूखभाईंच्या भंगारात जाऊन पडलो. तिथून मला सोमनाथरावांनी आणलं. हे वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांना घरच्या घरी खत करायची हुक्की आली होती. त्यांनी ड्रिल मशीननं माझ्या अंगाला चाळीस भोकं पाडली, हवा खेळावी म्हणून. तळाशी वीतभर दार कापलं, तयार खत काढावं म्हणून. मी हूं की चूं केलं नाही. भंगारात पडून राहण्यापेक्षा भोकं परवडली.

दोन महिने छान गेले. घरात माणसं चारच. सोमनाथराव, त्यांच्या मंडळी तनुजाताई, मुलगा शिवम आणि सिल्लोडकडच्या गावाहून राहायला आलेल्या आई, साळूबाई. तनुजाताई भाजीचे देठ बारीक चिरून टाकायच्या, वर मूठभर वाळका लिंबाचा पाला. मी आपला निवांत. निम्माही भरलो नव्हतो.

आणि एकाएकी आठ दिवसांत मी गळ्यापर्यंत आलो! झाकण बसेना. वर वीट ठेवावी लागली. चिलटं जमली, वास सुटला.

"चार माणसांचा एवढा कचरा?" सोमनाथराव कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभे. "तनुजा, आपण खातो तरी किती?"

तनुजाताईंनी ते मनावर घेतलं. टरबूज बंद. पत्ताकोबी बंद. दुधीच्या सालांची चटणी सुरू झाली, दोडक्याच्या शिरांची झाली. शेवटी केळाचं साल हातात धरून शिवम म्हणाला, "आई, याची नको करू."

तरी मी भरतच होतो. कारण मला ठाऊक होतं, पण ड्रमला कोण विचारतं?

रोज अकराच्या सुमाराला घर रिकामं झालं की साळूबाई पदर खोचून निघायच्या. शेजारच्या हसीनाबाईंकडून घमेलंभर कांद्याची सालं. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून मोसंबीचा चोथा. कुणाकडून मक्याची कणसं, कुणाकडून नारळाच्या शेंड्या. सगळं अख्खंच्या अख्खं, ओलंचिंब माझ्या तोंडात कोंबायचं आणि वरून दाबायचं. पाला नाही, चिरणं नाही. तळाचं दार तर विसराच. त्यापुढे त्यांनी दगडच लावून ठेवला होता, चुकून कुणी काही काढेल म्हणून.

का, ते त्यांनीच मला सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला बोलायला कुणीतरी लागतं.

"शिवमच्या सोयरिकीला ऐतवारी सांडूअण्णा येणार हाय," माझ्या पाठीवर थाप मारत त्या म्हणाल्या. "पोरीचा बाप. आपल्या सिल्लोडकडचा जमीनदार माणूस. माझ्या बापानं माझ्या येळंला आधी उकिरडा बघितला, मंग नवरदेव. दारात ढोरं किती, घरात बरकत किती, समदं उकिरडा सांगतो. इथं ना ढोर ना गोठा. तूच हायस बाबा. इज्जत राख."

आता बोला! साऱ्या घराची अब्रू माझ्या पोटात, आणि पोटाला तड लागलेली.

शुक्रवारी तनुजाताईंचा बांध फुटला. "पाहुणे दारात नाक धरून उभे राहतील. उद्याच्या उद्या हा ड्रम फारूखभाईंकडे गेला पाहिजे."

"ड्रम गेला तर मी बी गेले सिल्लोडला," साळूबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची आणून माझ्याशेजारी ठाण मांडलं. जेवणसुद्धा तिथंच मागवलं.

"माय, कचऱ्यासाठी घर सोडती का?" सोमनाथराव हात जोडून म्हणाले.

"कचरा नाय म्हणायचं त्याला."

शेवटी तडजोड झाली. मी राहिलो, पण माझ्यावर फुलाफुलांची चादर पडली.

रविवारी सांडूअण्णा आले. पांढरा सदरा, टोपी, खिशाला पेन. पोहे झाले, चहा झाला, शिवमची नोकरी विचारून झाली. मग अण्णा उठले आणि म्हणाले, "परसदार दावा की जरा."

साळूबाईंचा चेहरा उजळला. तनुजाताईंचा उतरला.

अण्णा सरळ माझ्याकडे आले. चादर ओढली, वीट उचलली. झाकण टणकन उडालं आणि मोसंबीचा अर्धा चोथा त्यांच्या चपलेवर पडला. चिलटांचा थवा टोपीभोवती फिरू लागला.

अण्णांनी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. एक अख्खं कणीस निघालं. मग नारळाची शेंडी. मग मूठभर कांद्याची सालं, काल टाकल्यासारखी.

"मावशी, चार माणसांच्या घरात इतका कांदा?"

"खातो की आम्ही! लई खातो," साळूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात भिंतीवरून हसीनाबाईंचं डोकं वर आलं, हातात घमेलं. "अम्मा, आज का माल तैयार है! ज्यूसवाला भी पूछ रहा था, अम्मा आज आई नहीं?"

तनुजाताईंनी सासूकडे बघितलं. सोमनाथरावांनी आभाळाकडे बघितलं. साळूबाईंनी पदर डोक्यावरून इतका पुढे ओढला, की नाकाचा शेंडाच तेवढा दिसत होता. सोयरीक बुडाली, आणि बुडाली ती माझ्यात, असं मला वाटलं.

अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांनी टोपी काढली. "आमची माय बी पाहुणं यायचं म्हणलं की शेजारच्या गोठ्यातलं शेण पाट्या पाट्या आणून आमच्या उकिरड्यावर टाकायची. त्याच शेणावर माझी बायको आली! पर मावशी, ढीग वरून बघत नसत्यात. खालून बघत्यात."

ते उकिडवे बसले, दगड सरकवला आणि माझं दार उघडलं. पहिल्या दोन महिन्यांचा ऐवज तिथं पडून होता. काळंभोर, भुरभुरीत खत. घमेलं भरून निघालं आणि वरचा सगळा पसारा हातभर खाली बसला. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. शेठजी, तुमची आठवण झाली.

अण्णांनी चिमूटभर खत नाकाला लावलं. "हे कुणी केलं?"

"मी," तनुजाताई हळूच म्हणाल्या. "चिरून, पाला टाकून."

"मंग झालं तर." त्यांनी मूठभर खत रुमालात बांधून खिशात घातलं. "घरी दावतो."

आता माझं बरं चाललंय. साळूबाई विळी घेऊन बसतात आणि घरची सालं बोटभर कापून टाकतात. एका घमेल्याला दोन घमेली वाळका पाला. दर पंधरवड्याला तळाचं दार उघडतं, आणि जे आधी पिकलं ते आधी बाहेर निघतं. हसीनाबाईंनीही फारूखभाईंकडून ड्रम आणलाय. माझा धाकटा भाऊ म्हणा.

वाचकहो, तुमच्याकडे माझा कुणी भाईबंद असेल आणि तो सारखा भरत असेल, तर त्याला लहान म्हणू नका, भंगारातही धाडू नका. खालचं दार उघडून बघा. माणसं नेमकी तेवढंच विसरतात.

एक सांगायचं राहिलं. अण्णांचा होकार आला, मुलगीही सगळ्यांना पसंत पडली, तरी साळूबाई अडून बसल्या. "त्यांनी आपलं बघितलं. मी त्यांचं बघितल्याबिगर हो म्हणणार नाय." परवा गुरुवारी त्या सिल्लोडकडं जाऊन आल्या. चपला काढायच्या आधी सरळ माझ्याकडे आल्या आणि तोंडाशी वाकून कुजबुजल्या:

"ढोरं दोन हायती रे. आन उकिरडा सहा ढोरांचा! वरचं समदं शेण ताजं, शेजारच्याचं. आपलीच माणसं हायती. हो म्हणून आले."