डबे चढतील ती गाडी

दिवस कलला, गुरं घरी आली, तरी गंगाखेडची गाडी काही कवठवाडीत आली नाही. पंचफुला पाराजवळ कधीची उभी होती. कडेवर तान्हं बाळ किरकिर करत होतं आणि तिचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्या गाडीत तिची सुली यायची होती. सुली म्हणजे सुला, सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. गावातून एकटीनं एसटीनं शाळेला जाणारं एवढंच एक लेकरू.

आता, एवढंसं लेकरू एकटं पाठवलंच कसं, असं विचारायला तोंड सगळ्यांनाच आहे. गावच्या शाळेला कुलूप. मास्तर उगवायचा तो झेंडावंदनाला, जिलेबी खायचा आणि पुन्हा गायब. नवरा मुंजाजी ऊसतोडीवर, घरात तान्हं बाळ, रोज रानात मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटायची नाही. पोरीसोबत रोज गंगाखेडला जायचं कुणी? पण पंचफुलानं मनात घेतलं होतं, पोरगी शिकणार म्हणजे शिकणार. गंगाखेडला स्टँडला लागूनच असलेल्या शाळेत तिनं सुलीचं नाव घातलं.

सासरे सटवाजी तेव्हा जे भडकले! "लेकरू हाय का डबा हाय? गाडीत ठेवून दिला अन् पोचला?"

डबा म्हणजे गंगाखेडला खोली करून शिकणाऱ्या पोरांच्या जेवणाचा डबा. गावातल्या बाया सकाळच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी डबे ओळीनं मांडून द्यायच्या. स्टँडवर पोरं ते उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी रिकामे डबे गावाच्या गाडीत चढवून द्यायची. आजवर एक डबा कधी हरवला नव्हता.

पंचफुलाला सासऱ्याच्या टोमण्यातच वाट सापडली. तिला स्वतःला अक्षराची ओळख नव्हती. स्टँडवर गेली की सगळ्या लाल गाड्या तिला सारख्याच दिसायच्या, दर वेळी चारचौघांना विचारल्याशिवाय तिचा पाय पायरीवर पडत नसे. म्हणून तिनं सुलीला पक्कं पढवलं. "हे बघ, डब्यांजवळ बसायचं. डबे उतरतेल तिथं उतरायचं. सांजच्याला डबे ज्या गाडीत चढतेल त्याच गाडीत चढायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाई. काय?"

"डबे चढतेल त्याच गाडीत," सुली म्हणाली होती.

सटवाजींनी मान डोलावली, पण अट घालूनच. "एकदा जरी घोळ झाला ना सूनबाई, तर शाळा बंद. पोरगी घरी बसून बाळ सांभाळील. मान्य हाय?" पंचफुलानं मान्य केलं होतं. दिवाळीपासून सगळं सुरळीत चाललं होतं. आणि आज गाडी नव्हती.

दिवसही धड नव्हते. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा धुमसत होता. आज इथं रास्ता रोको, उद्या तिथं दगडफेक. गडबड झाली की पहिला घोर बौद्धवाड्यात लागायचा आणि पंचफुलाचं घर तिथलंच. त्यात सकाळी सगळं शांत होतं म्हणून पोरगी पाठवली, याची टोचणी वेगळीच.

तेवढ्यात सायकलीवरून चंद्रभान आला. गंगाखेडला कॉलेजात शिकणारा गावचाच पोरगा, घामानं निथळत होता.

"गाडी येत न्हाई आज! गंगाखेडात दगडं चालायलेत. शाळा दुपारीच सोडल्या, आपली गाडी रद्द केली."

"अन् माझी सुली?"

चंद्रभानचा चेहरा पडला. "काकू, मी तर तिला बघितलीच न्हाई. सगळी पळापळ व्हती."

झालं! सटवाजी काठी टेकत पुढं आले आणि भर गावासमोर ओरडले, "सांगितलं व्हतं का न्हाई? सांगितलं व्हतं का न्हाई मी?" शेजारच्या धुरपताबाईनं बाळ पंचफुलाच्या कडेवरून काढून घेतलं.

गावातल्या ट्रॅक्टरवाल्या व्यंकटरावांचा पोरगाही गंगाखेडलाच शिकत होता. त्यांनी ट्रॅक्टर काढला. सटवाजी, पंचफुला आणि चंद्रभान मागं ट्रॉलीत चढले. कच्च्या रस्त्यानं ट्रॅक्टर अशा उड्या मारायला लागला की हाडं खिळखिळी व्हावीत. पंचफुला ट्रॉलीचा कठडा धरून उभी होती आणि डोक्यात एकच विचार गरगरत होता. पोरीला मीच घालवली. माझ्याच हट्टापायी घालवली.

मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर आले तेव्हा टायर जळून त्याच्या तारा उरल्या होत्या. माणसं पांगली होती. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला टपरीची फळी अर्धी उघडून बाहेर डोकावत होता. इथून एका हाताला गंगाखेड, दुसऱ्या हाताला पालम. ट्रॅक्टर गंगाखेडच्या बाजूला वळायला लागला, तेवढ्यात पंचफुला एकदम म्हणाली, "चंद्रभान, डबे कुठं हायेत?"

"आँ?"

"रिकामे डबे रे! आणलेस का तू?"

"न्हाई. आपली गाडी नव्हती म्हणून मी पालमच्या गाडीत चढवले. फाट्यावर उतरवा म्हणलो ड्रायव्हरला. मी सायकलीनं आडवाटेनं आलो."

"लेकरू हरवलंय," सटवाजी कडाडले, "अन् ही डबे इचारायली! डोकं फिरलंय काय तुझं?"

पंचफुलानं ऐकलंच नाही. ती ट्रॉलीतून खाली उतरून हॉटेलवाल्याकडं धावली. "दादा, पालमच्या गाडीतनं हितं डबे उतरले का?"

"डबे? माय, हितं टायर पेटलेले व्हते. ड्रायव्हरनं गाडी थांबवलीच न्हाई. सुसाट काढली पालमकडं."

पंचफुला वळली. "माझी पोरगी पालमला हाय. ट्रॅक्टर पालमला घ्या."

व्यंकटराव खालच्या आवाजात समजावू लागले. "अगं बाई, कशावरून? मास्तरनं शाळेतच बसवून घेतली असंल. आधी गंगाखेड बघू."

"न्हाई. डबे जिथं, तिथं सुली. मी सांगितलंय तिला."

"अन् पालमला नसली तर?" सटवाजींनी विचारलं.

नसली तर अंधार पडलेला असणार, गंगाखेड आणखी लांब गेलेलं असणार, आणि दगडफेकीच्या गावात सात वर्षांचं लेकरू एकटं. तरी ती हटली नाही. पण व्यंकटरावांना त्यांचा पोरगा होता, त्यांना गंगाखेडला जाणं भाग होतं. त्यांनी शब्द दिला, "शाळा आधी बघतो. पोरगी दिसली की घेऊन येतो." चंद्रभान वाट दाखवायला त्यांच्यासोबत गेला. पंचफुला पदर खोचून पालमच्या रस्त्याला लागली. मागून काठीचा आवाज आला. सटवाजी शिव्या घालत येत होते. "बाईमाणूस एकटी सोडू का आता रस्त्यानं? आधी नात, मंग सून. घरच दिवाळं काढायला बसलंय."

पुढं एक मालट्रक थांबला, ड्रायव्हरला दया आली म्हणायची. ती दोघं केबिनमध्ये चढली. पंचफुला काचेतून रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होती. न जाणो, लेकरू कुठं उतरून चालायला लागलं असलं तर! एका झाडाखाली काहीतरी पांढरं दिसलं, ती किंचाळलीच. खताची पिशवी निघाली ती.

पालम स्टँडवर दिवे लागले होते. गाड्या थोड्या, माणसं त्याहून थोडी. पंचफुला एका टोकापासून बाकडी बघत निघाली. पहिल्यावर कुणी नाही. दुसऱ्यावर एक म्हातारा झोपलेला. शेवटच्या बाकड्यावर डबे ओळीनं मांडलेले होते, आणि त्यांच्या कडेला, दप्तर पोटाशी धरून, सुली बसली होती.

पंचफुलानं तिला उचललं का मारलं, तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही केलं असावं. सुली तोवर रडली नव्हती, आता तिनं भोकाड पसरलं. स्टँडचा कंट्रोलर खिडकीतून म्हणाला, "कवठवाडीला परत जाणारी गाडीच न्हाई. बिस्कीट दिलं तर घेईना. म्हणती, माय म्हणली कुणाचं ऐकायचं न्हाई."

सटवाजींनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग सुनेकडं बघितलं. अट दोघांनाही पाठ होती. पंचफुलानं मान खाली घातली. हरले, तिच्या मनात आलं. आता उद्यापासून बाळाचा झोका सुलीच्या हातात.

"गाडी दुसरी हाय एवढं तरी कळलं न्हाई का गं तुला?" ती रडवेली होऊन म्हणाली.

"कळलं व्हतं." सुलीनं फ्रॉकनं नाक पुसलं. "गाडीवर पालम लिव्हलं व्हतं. मी वाचलं की."

"वाचलंस? अन् तरी चढलीस?"

"तूच म्हणलीस ना, डबे चढतेल त्याच गाडीत चढायचं."

पंचफुला बाकड्यावर मटकन बसली. पोरीला रस्ता कळला होता. आपल्याला वाचता येत नाही म्हणून आपण पोरीचेही डोळे बांधले, आणि पोरीनं आपला शब्द मोडायला नको म्हणून ते बांधून घेतले. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सटवाजी उभेच होते. त्यांनी काठी उचलून समोर उभ्या गाडीकडं केली. "त्याच्यावर काय लिव्हलंय?"

सुलीनं डोळे बारीक केले. "लो... हा. लोहा."

सटवाजींनाही अक्षर येत नव्हतं. त्यांनी कंट्रोलरकडं बघितलं. त्यानं मान हलवली. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या गाडीकडं केली. "अन् ती?"

"परभणी."

पुन्हा कंट्रोलरची मान हलली. सटवाजी काठी खाली टेकत म्हणाले, "डबे उचला. गावाकडं जाणारी सोबत मिळती का बघू."

चार दिवसांनी गाड्या सुरू झाल्या. सकाळी पाराजवळ बायांनी डबे आणले, पंचफुलानं सुलीला आणलं. सटवाजी न बोलावता मागं येऊन उभे राहिले. पंचफुलानं पोरीसमोर उकिडवं बसून तिचे दोन्ही हात धरले.

"आता डब्याकडं बघायचं न्हाई. पाटी बघायची. मी सांगितलेलं अन् पाटीवरचं येगळं असलं, तर माझं ऐकायचं न्हाई. पाटीचं ऐकायचं. काय?"

सुलीला हे जरा अवघडच वाटलं, पण तिनं मान डोलावली. धूळ उडवत गाडी आली. कंडक्टरला विचारावं म्हणून पंचफुलाचं तोंड सवयीनं उघडलं होतं. ते तिनं मिटलं.

"सुले, कुठली गं गाडी?"

"गंगाखेड."

"मंग चढ," ती म्हणाली, आणि पोरीचा हात सोडला.