मास्तरांचा रुसलेला हत्ती

आमच्या मास्तरांना माणूस काढता येत नाही. सांगलीच्या शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवतात, पण माणूस काढला की तो देवळातल्या खांबासारखा दिसतो. जनावरं मात्र बघत राहावीत अशी. आणि त्यांच्या तोंडावर मास्तरांच्या पोटातलं सगळं उमटतं. हेडमास्तर रागावले, की घरी वाघ येतो, तोही शेपूट पायांत घातलेला. माझ्याशी वाजलं, की नखं काढलेली मांजर. ती कोण, हे मी विचारत नाही. सासूबाई गेल्या तेव्हा यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. महिनाभर वासरं काढली, सगळी हंबरणारी.

अशा माणसाने पोरीच्या लग्नाची भिंत स्वतः रंगवायचा हट्ट धरला.

दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढायचे, तोंडं दाराकडे, सोंडेत माळ. येणाऱ्या वऱ्हाडाचं ते स्वागत. डावा हत्ती झकास झाला. उजव्याने मात्र दाराकडे पाठ फिरवली होती, आणि सोंडेच्या विळख्यात एक पिल्लू असं आवळून धरलं होतं की त्याचं तोंडही दिसेना.

भांडी घासायला आलेली रंगुबाई बघतच राहिली. "आवं वैनी, ह्यो हत्ती रुसलाय व्हय? पाव्हण्यांकडं ढुंगण करून हुबा हाय!"

"अहो," मी यांना म्हटलं, "उद्या साताऱ्याची मंडळी मिरजेला गाडीतून उतरतील. साखर रेशनवर, तोंड गोड करायची पंचाईत. वर विहीणबाईंना हे दाखवायचं का?"

"रंग सुकायचाय," एवढं बोलून मास्तर कुंचले धुवायला परसात गेले.

माझ्याशी निदान तेवढं तरी बोलले. प्रमोदिनीशी साखरपुड्यापासून चकार शब्द नाही. ती चहा घेऊन समोर गेली, की हे बशीकडे बघत. सकाळीच ती मला म्हणाली होती, "आई, बाबा बोलले नाहीत तर माझा पाय निघायचा नाही गं."

आता तिने एक कुंचला उचलला आणि भिंतीपाशी बसली. मला वाटलं, रागाने पुसून टाकते. पण तिने सोंडेखालून पिल्लाचं डोकं बाहेर काढलं. मान वळवून दाराकडे बघणारं, डोळे चांगले टपोरे.

"हे काय गं?"

"त्याला बाहेर बघायचंय," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. मुलगा आवडलाय, हे कार्टीने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मास्तर परत आले. पिल्लाकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. मी गप्प बसले. मला ते किती जड जातं हे शेजाऱ्यांना विचारा. मग त्यांनी चुन्याची बादली आणली आणि अख्खा हत्ती पुसला.

दिवेलागणीला नवा हत्ती दाराकडे तोंड करून उभा होता. पुढे पिल्लू, आणि त्याच्या पाठीवर सोंड. ओढून धरलेली नव्हे, हळूच पुढे लोटणारी. डोळा मात्र भरलेला. तो पुसा असं मीही म्हटलं नाही.

प्रमोदिनी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मास्तरांनी मान न वळवताच म्हटलं, "पदर सांभाळ गं बाळ, रंग ओला आहे."

एवढंच. पोरगी हसत हसत त्यांच्या गळ्यात पडली, दोघांचेही कपडे रंगाने भरले, आणि चार दिवस सगळ्यांना रडू नका म्हणून दटावणारी मी उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडले.